मनाचा घाव आणि देवाची रीत

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८
सोबत वाचावे : ईयोब २:११-१३, १ शमुवेल १९:८-१०, योहान २१:१-१७



नांगराचा फाळ लागून एखाद्याच्या पायास जखम झाली, तर आपल्यापैकी कोणीही त्यास असे म्हणत नाही की, "तुझा विश्वास उणा आहे, म्हणून रक्त वाहते." आपण जखम धुतो, फडके बांधतो, त्यास सावलीत बसवितो, आणि पुष्कळ दिवस त्याच्या वाट्याचे काम दुसरा कोणी करितो. परंतु मनुष्याच्या मनाला घाव झाला म्हणजे आपली ही रीत पालटते. ज्याच्या डोळ्यांदेखत घर कोसळले, ज्या आईचे लेकरू पाण्यात बुडाले, ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे मार खाल्ला, त्यांचे दुःख थोड्या आठवड्यांत आवरले नाही, तर मंडळीत कुजबुज सुरू होते, आणि उपदेशकही वचनावर बोट ठेवून "आता पुरे" असे म्हणतो. ही चूक दुसऱ्याच्या पदरी घालण्यापूर्वी आम्ही आमची स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखालील एका खेड्यात मजुरी करणाऱ्या एका बाईचा सात वर्षांचा मुलगा विहिरीत पडून मरण पावला. त्यास मूठमाती आम्हीच दिली. तीन महिन्यांनी आम्ही तिच्या घरी गेलो. रहाटाचा आवाज झाला की ती दचकत असे. तिला रात्री झोप नव्हती. चूल पेटवून, वर भांडे न ठेविताच, ती विझेपर्यंत तिच्याकडे पाहत बसे. उपासनेस येणे तिने सोडिले होते, कारण मंदिराची वाट त्याच विहिरीवरून जात होती. हे शेवटले कारण आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते, कारण आम्ही ते विचारिलेच नाही. आम्ही ओट्यावर बसून रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडिला, देव आपल्या लोकांच्या आयुष्यातील सर्व काही त्यांच्या हिताकडे वळवितो हे समजावून सांगितले, आणि फार रडणे हे आशा नसलेल्यांचे लक्षण होय, असेही बजाविले. "होय, पाळकसाहेब," एवढेच ती म्हणाली, पदर पुढे ओढून आत गेली, आणि त्यानंतर आठ महिने आमच्या दृष्टीस पडली नाही.

आम्ही वाचिले ते वचन खरे होते. परंतु दुःखी अंतःकरणापुढे गाणी गाणारा हा थंडीच्या दिवसांत दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र काढून घेणाऱ्यासारखा आहे, असे नीतिसूत्रांचा कर्ता सांगतो (२५:२०). आम्ही त्या दिवशी तेच केले होते. देव स्वतः घायाळ मनाशी कसा वागतो, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो खरे, परंतु ध्यानात धरिले नव्हते. ते आजच्या पाठात आपण पाहू.

१. घाव देवाच्या सेवकासही होतो

एलीया हा दुर्बळ मनाचा मनुष्य नव्हता. मागल्याच अध्यायात तो कर्मेल डोंगरावर राजापुढे व बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिला. परंतु ईजबेल राणीने त्याचा जीव घेण्याची शपथ वाहिली, हे ऐकताच तो पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकरास मागे ठेविले, आपण एक दिवसाची वाट रानात चालून गेला, रतामाच्या झुडुपाखाली बसला, आणि देवाजवळ मरण मागू लागला.

येथे तीन गोष्टी पाहाव्या. तो पळतो, तो माणसांपासून दूर होतो, आणि जगणे त्यास नकोसे होते. ज्यांनी मोठा धाक सोसला आहे अशा पुष्कळांच्या ठायी आजही हीच लक्षणे दिसतात. याकोब आपल्या पत्रात सांगतो की एलीया आपल्याच स्वभावाचा मनुष्य होता (५:१७). म्हणून ज्याचे मन खचले, त्याचा विश्वास खोटा, असा निवाडा कोणी करू नये.

संकट निघून गेले तरी भीती मागे का राहते, हेही समजून घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, आणि दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. जे वाचले त्यांच्यातील पुष्कळांना पुढे कित्येक दिवस छपराखाली झोपण्याचा धीर होईना. हा हट्ट नव्हे व अविश्वासही नव्हे. डॉक्टर असे सांगतात की मोठ्या धोक्यात शरीर पहारेकऱ्यासारखे जागे होते, आणि कधी कधी धोका टळल्यावरही तो पहारा उठत नाही. मग एखादा आवाज, एखादा वास, एखादी जागा पुरे होते. छाती धडधडते, घाम सुटतो, आणि घडून गेलेली गोष्ट जणू आताच घडत आहे असे वाटते. आधार मिळाला तर बहुतेकांचा हा पहारा हळूहळू उठतो. काहींचा उठत नाही, आणि त्यांना वैद्यकीय उपचाराची गरज लागते.

२. देवाने प्रथम झोप व भाकर दिली

एलीयाच्या प्रार्थनेस देवाने काय उत्तर दिले? रागाचा एक शब्दही नाही, उपदेशही नाही. एलीया झोपला, आणि देवाने त्यास झोपू दिले. मग दूताने त्यास स्पर्श करून उठविले. पाहतो तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे पात्र उशाशी ठेविलेले. तो जेवला आणि पुन्हा निजला. दूत दुसऱ्यांदा आला, त्याने पुन्हा खावयास लाविले, आणि कारण एवढेच सांगितले की पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. देवाच्या दूताने थकलेल्या मनुष्याच्या थकव्याला थकवाच म्हटले. त्यास पाप म्हटले नाही.

उपदेशक बंधूंनो, दुःखी घरी जाताना हातात पुस्तक असावेच; परंतु त्या घरात चूल पेटली आहे किंवा नाही, लेकरे जेवली आहेत किंवा नाहीत, हे अगोदर पाहावे. मंडळीतील एका घराने सकाळची भाकर द्यावी, दुसऱ्याने गुरांचे पाहावे, तिसऱ्याने रात्री सोबतीस निजावे. ही कामे सुवार्तेहून हलकी नाहीत. रानात देवाच्या दूताने हीच कामे केली.

३. देवाने विचारिले, आणि दोनदा ऐकिले

मग चाळीस दिवसांची वाट चालून एलीया होरेब डोंगरावरील गुहेत पोहोचला. तेथे देवाने त्यास विचारिले की तू येथे काय करीत आहेस. देवाला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, तथापि एलीयाने आपल्या तोंडाने सांगावे अशी त्याची इच्छा होती. एलीयाने आपले गाऱ्हाणे मांडिले. वारा, भूकंप व अग्नी होऊन गेल्यावर देवाने मंद वाणीने तोच प्रश्न पुन्हा केला, आणि एलीयानेही तेच गाऱ्हाणे बहुतेक त्याच शब्दांनी पुन्हा सांगितले (ओवी १० व १४ ताडून पाहाव्या). "हे तू मला एकदा सांगितलेस," असे देव म्हणाला नाही.

घायाळ मनुष्य तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. ऐकणारा कंटाळतो, परंतु सांगणाऱ्याचा भार प्रत्येक वेळी थोडा हलका होत असतो. दुसरा एखादा काहीच बोलत नाही. त्यास खोदून खोदून विचारू नये. बोलणे त्याच्या वेळेवर सोडावे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांनी चांगले केले. ते बोलू लागले आणि त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधू लागले, तेव्हा चुकले. शेवटी देवाने ईयोबाच्या कडू शब्दांवर नव्हे, तर त्या मित्रांच्या शहाणपणावर राग धरिला (४२:७).

देवापुढे रडणे व गाऱ्हाणे करणे हे अविश्वासाचे काम नव्हे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरी ते देवाला उद्देशूनच म्हटले आहे. आणि लाजराला आपण थोड्याच वेळाने उठविणार, हे जाणत असताही आपला प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला.

४. देवाने सोबती दिला, मग काम दिले

एलीयाचे मुख्य दुःख हे की मी एकटा उरलो. देवाने त्यास दोन गोष्टी कळविल्या : बआलापुढे गुडघे न टेकणारे सात हजार लोक अजून इस्राएलात आहेत, आणि अलीशा नावाचा मनुष्य तुझ्याबरोबर चालेल. नवे कामही दिले, परंतु झोप, भाकर, वाट व ऐकणे ही सर्व झाल्यावर. आपण पुष्कळदा हा क्रम उलटा करितो. दुःखी मनुष्यास पहिल्याच महिन्यात सभेत उभे करून साक्ष देण्यास लावितो, म्हणजे आपल्यालाच बरे वाटते.

५. बऱ्या झालेल्या घावाचाही वण राहतो

पुनरुत्थान पावलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते, आणि ते त्याने थोमापासून लपविले नाहीत. पेत्राकडेही पाहा. महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीजवळ त्याने प्रभूला तीनदा नाकारिले (योहान १८:१८-२७). पुढे समुद्रकिनारी प्रभूने त्यास बोलाविले, तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला होता (२१:९). प्रभूने त्यास अगोदर जेवू घातले, मग तीनदा प्रीतीविषयी विचारिले, आणि मेंढरे सोपविली. शेकोटीची आठवण पेत्राच्या मनातून पुसली गेली नसेल. परंतु त्या आठवणीत आता प्रभू बसला होता. विश्वासाने मिळणारे आरोग्य ते हेच.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीत ह्याचे एक मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी फिरत. १८७४ पासूनच्या दुष्काळाच्या दिवसांत बाप, आई व थोरली बहीण ही तिघे थोड्या महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. १८८० त भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ त पतीला पटकीने नेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती आणि मुलगी मनोरमा अंगावर पीत होती. पुढल्या वर्षी इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्याबरोबर सर्व जखमा भरल्या काय? नाही. आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु स्वतः ख्रिस्त सापडून मनाला स्वस्थता येण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनी आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहिले आहे. आणि उपासमारीच्या त्या दिवसांचे स्मरण वीस वर्षांनंतरही त्यांचे काळीज फाडीत होते. १८९६-९७ त मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. भुकेने वाळलेली ती लेकरे पाहून त्यांना आपलेच बाळपण आठवले. केडगावच्या मुक्तीत त्या मुलींना अन्न, वस्त्र व औषध मिळाले, मग शाळा, मग शेती, विणकाम, छापखाना अशी कामे मिळाली. रतामाच्या झुडुपाखालचा क्रम तो हाच. ज्या घावाने त्या स्वतः बसून जावयाच्या, त्याच घावाने त्यांना दुसऱ्याचे दुःख ओळखण्याचे डोळे दिले. तथापि ह्यावरून कोणी असे समजू नये की देवाने दुष्काळ चांगला केला. दुष्काळ दुष्काळच होता; देवाने त्यातून वाचलेल्या बाईला सोडिले नाही, एवढे आम्ही म्हणतो.

काही इशारे

पहिला : दुःखाचे कारण कोणाच्या तरी पापात शोधू नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी तसेच विचारिले, आणि प्रभूने ती समजूत नाकारिली (योहान ९:१-३).

दुसरा : जो दचकतो, रात्री ओरडतो किंवा बधिर होऊन बसतो, त्यास भूतबाधा झाली असे म्हणून देवऋष्याकडे नेऊ नये, आणि प्रार्थनेच्या नावाखाली कोंडू किंवा मारूही नये.

तिसरा : औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल व द्राक्षारस ओतिला. लूक हा वैद्यच होता (कलस्सैकरांस ४:१४). झोप, अन्न व काम पुष्कळ आठवडे बिघडलेले राहिले, तर जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराच्या डॉक्टरांकडे न्यावे. एलीयाप्रमाणे कोणी मरणाची भाषा बोलू लागला, तर त्यास दटावू नये, एकटे सोडू नये, विळा-दोरी-कीटकनाशक त्याच्या हाती लागू देऊ नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' नावाची सोय केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट बोलता येते, व मराठीतही बोलता येते.

चौथा, आणि हा फार महत्त्वाचा : घाव मनुष्याच्या हातून झाला असेल, तर "क्षमा कर आणि घरी जा" असे घाईने म्हणू नये. शौलाने भाला फेकिला तेव्हा दावीद निसटून पळाला. पुढे त्याने शौलाला जिवे सोडिले, मनात सूड ठेविला नाही. परंतु शौलाने परत बोलाविले तरी तो पुन्हा त्या भाल्यासमोर जाऊन बसला नाही (१ शमुवेल २६:२१-२५). क्षमा करणे आणि मार खाण्यास परत जाणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मार खाणाऱ्या स्त्रीस व लेकरास अगोदर सुरक्षित जागा द्यावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तिला न्यायालयाकडे संरक्षण मागता येते. तेथवर तिच्यासोबत जाणे हेही मंडळीचे काम आहे.

त्या आईचे पुढे काय झाले

आठ महिन्यांनी एका रविवारी ती बाई मंदिरात मागल्या बाजूस बसलेली आम्ही पाहिली. तिच्याजवळ आमच्या मंडळीतील एक म्हातारी विधवा होती, जिला अक्षर येत नाही. उपासना झाल्यावर आम्ही त्या आजींना विचारिले की तुम्ही हिला काय शिकविले. त्या म्हणाल्या, "म्या काय शिकिवनार, साहेब? म्या नुसती बसत व्हते."

पुढे हळूहळू सर्व कळले. आजी रोज दुपारी तिच्याकडे जात, दोघी मिळून धान्य निवडीत, आणि बाई तीच ती गोष्ट सांगे. आजींनाही तरुणपणी एक लेकरू गमवावे लागले होते. परंतु बाईने विचारीपर्यंत त्यांनी ते काढिले नाही. एक दिवस बाईने विहिरीच्या वाटेचे सांगितले. तेव्हा आजींनी तिचा हात धरून पहिल्या दिवशी चिंचेच्या झाडापर्यंत नेले आणि परत आणिले. पुष्कळ दिवस चिंचेपर्यंतच. मग पाणंदीच्या वळणापर्यंत. ज्या दिवशी पाय थरथरत, त्या दिवशी दोघी तेथेच बसून प्रार्थना करीत आणि घरी येत. दोन महिन्यांनी त्या विहिरीवरून पार गेल्या. ज्या वाटेची आम्ही चौकशीही केली नव्हती, ती वाट एका निरक्षर बाईने चालून दाखविली. आम्ही त्या आईची क्षमा मागितली, आणि तिने ती दिली.

मुलगा गेला त्या तिथीला ती आजही रहाटाला हात लावीत नाही. त्या दिवशी शेजारच्या बायका तिचे पाणी भरतात, कोणी तिला "अजून किती दिवस?" असे विचारीत नाही. एकमेकांची ओझी वाहावी, असे पौलाने गलतीकरांस लिहिले (६:२). आमच्या त्या खेड्यात ते ओझे दोन हंड्यांचे आहे.

सभेत विचारण्याचे प्रश्न

१. देवाने एलीयाला बोलण्यापूर्वी काय काय दिले? क्रमाने सांगा.
२. एलीयाने तेच गाऱ्हाणे दोनदा सांगितले, ह्यावरून ऐकणाऱ्याने काय शिकावे?
३. ईयोबाच्या मित्रांनी केव्हा चांगले केले व केव्हा चुकले?
४. दावीदाने शौलाला क्षमा केली, तरी तो परत का गेला नाही?
५. आपल्या गावात असा कोण आहे की जो मंदिराकडे येत नाही, आणि त्याची वाट कोठून जाते हे आपण कधी विचारिले नाही? (ह्या प्रश्नाचे उत्तर सभेत देऊ नये, त्याच्या घरी जावे.)

प्रार्थना

हे दयाळू बापा, रानात थकलेल्या तुझ्या सेवकास तू निजू दिलेस व जेवू घातलेस. आमच्यातील ज्यांची मने मोडली आहेत त्यांच्याजवळ राहा. आम्हांस घाईच्या शब्दांपासून आवर, बसण्याचा व ऐकण्याचा धीर दे, आणि ज्यांना आम्ही बोलून दुखविले त्यांची क्षमा मागण्यास लाज वाटू देऊ नको. ज्याच्या हातांवर वण आहेत त्या प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.